पाट परत आला त्या वर्षी

पेढी बुडाली की लोक पेटून उठतात, असं मला वाटायचं. मी पेणमधल्या एका पतपेढीचा पिग्मीवाला. रोज सकाळी स्कूटर काढायची, दुकानं आणि कारखाने फिरायचे, कुणाचे वीस, कुणाचे पन्नास घ्यायचे आणि पावती फाडायची. बावीस वर्षं हेच केलं. पेढीच्या साहेबांना कोणी ओळखत नव्हतं. लोकांच्या लेखी पेढी म्हणजे मीच.

आमच्या आळीच्या टोकाला गणपतीचा छोटा कारखाना होता. मूर्तिकार माझ्या वडिलांच्या वेळचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. आमच्याकडे घरच्या गणपतीसाठी आपला पाट कारखान्यात नेऊन द्यायची रीत आहे. त्याच पाटावर माती चढते आणि चतुर्थीला त्याच पाटावरून देव घरी येतो. पाट दिला की बोलणं संपलं, पावती नाही की विसार नाही. आमच्या पाटाच्या मागे वडिलांचं नाव रंगवलेलं आहे.

त्या वर्षी आषाढात काका म्हणाले, "भाऊ, माझी पिग्मी मोडून द्या. शाडू आनायचाय, दोन कारागीर बसवलेत."

त्यांची मुदत आठ दिवसांत पुरी होत होती. आधी मोडली तर व्याज जातं. आणि, आता लपवून काय उपयोग, माझं कमिशनही जातं.

"आठ दिवस थांबा काका," मी म्हणालो. "पैसे कुठे पळून जातायत?"

ते थांबले. सहाव्या दिवशी पेढीचं शटर खाली आलं, ते पुन्हा वर गेलंच नाही.

मी दोन दिवस दाराला कडी लावून बसलो. आता दगड येणार, असं बायकोला सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी किराणावाला आला, "काय कळलं का भाऊ?" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. एवढाच काय तो दंगा.

पंधरा दिवसांनी काका आले. हातगाडीवर सगळ्या आळीचे पाट. माती आली नव्हती, कारागीर निघून गेले होते आणि उधार द्यायला कोणी नव्हतं, कारण सगळ्यांचेच पैसे अडकलेले. काका दारोदार फिरून ज्याचा पाट त्याला परत देत होते. माझा तर पुसून आणला होता.

"यंदा नाय जमत भाऊ. दुसरीकडं द्या."

बस, एवढंच. त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

पुढच्या वर्षी कळलं की पेढीच्या एका मोठ्या कर्जदाराचं तडजोडीत मिटलं. थोडे भरले, बाकीचे सुटले. त्याचा बंगला रोह्याला. तेव्हा मात्र लोक खवळले. पन्नासेक ठेवीदार सकाळच्या गाडीनं निघाले, मलाही पुढे घातलं. घोषणा गाडीतच ठरल्या. रोह्यात उतरलो तर धाटाव एमआयडीसीच्या बसेस भरून चाललेल्या. आमच्यातल्या दोघांची शिफ्ट होती, ते तिथूनच कटले. बंगल्यावर त्या गृहस्थानं आम्हाला ओटीवर बसवलं आणि कोकम सरबत दिलं. सरबत पिताना घोषणा कोण देणार?

काकांनी एकट्यानं विचारलं, "साहेब, तुमचं मिटलं. आमचं कवा मिटनार?"

त्यानं हात जोडले. "माझं कायद्यानं मिटलंय हो."

मग कोणीतरी परतीच्या गाडीची आठवण काढली, आणि आमचा उठाव सरबताचे ग्लास नीट ओळीत मांडून स्टेशनवर आला. गाडीत मी काकांच्या समोर बसलो होतो. पेण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

काकांच्या कारखान्यात आता मोटरसायकली दुरुस्त होतात. गेल्या गणपतीआधी मी पाट काखेत मारून बाजारभर हिंडलो. मोठे कारखानदार म्हणाले, आम्ही पाट घेत नाही, तयार मूर्ती न्या. शेवटी रस्त्यालगतच्या एका स्टॉलवर गेलो, तर दुसऱ्याच्या मूर्ती विकायला रोजावर काका उभे. मागे फिरणार होतो, पण त्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी पाट हातात घेतला, उलटा केला, वडिलांचं नाव वाचलं. मी घाईघाईनं एका मूर्तीकडे बोट दाखवलं. काकांनी ती उजेडात धरली आणि मान हलवली.

"डोळे बरोबर नायत याचे. आठ दिवस थांबा भाऊ, चांगला माल येतोय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. टोमणा शोधत होतो. तो असता तर सोसला असता. पण ते आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले होते.

"थांबतो," मी म्हणालो, आणि पावती न मागता पाट तिथेच ठेवून आलो.