मेढीजवळचा बैल

परवा हिंगोलीत पणतीच्या बारशाला मी चक्क रुसून बसलो होतो... वय वर्षं त्र्याण्णव. सगळं घर धावपळीत, आणि नातसुनेनं मला मधल्या खोलीत खुर्चीवर बसवून घुगऱ्यांच्या पुड्या बांधायला दिल्या.

ज्यांच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या, ते आता मला सांगणार कुठं बसायचं! बांधता बांधता डोळा लागला असावा... आणि मी थेट शिरड शहापूरच्या आमच्या खळ्यावर पोचलो.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी हायस्कुलात होतो, सुट्टीत गावी आलो होतो. शाळेत सगळं उर्दूतून... त्वरणाला काय म्हणायचे ते विसरलो, पण केंद्राला मरकज म्हणायचे हे पक्कं आठवतं.

मास्तरांनी नुकतंच शिकवलं होतं. गोल फिरणाऱ्या वस्तूचा वेग तोच राहिला तरी दिशा सारखी बदलते, म्हणून तिला मरकजाकडे त्वरण असतंच. वेगाचा वर्ग करायचा, त्रिज्येनं भागायचं. त्या गणितानं मला असं वेड लावलं की जिथं तिथं गोलच दिसायचे.

खळ्यावर ज्वारीची मळणी चालू होती. मधोमध मेढ, म्हणजे रोवलेला खांब, आणि तिला एकाच दाव्यानं ओळीत बांधलेले चार बैल कणसं तुडवत गोल फिरत होते. मेढीला लागून म्हातारा हौश्या, सगळ्यात बाहेर तरणा सोन्या.

दुपारचं ऊन, उडणारा भुसा, खुरांचा मऊ आवाज... बैलांमागं चालता चालता मी अर्धा झोपेतच होतो. त्या तंद्रीत गणित मांडलं. हौश्या मेढीपासून दोन हातांवर, सोन्या आठ हातांवर, वेग सगळ्यांचा एकच धरला. त्रिज्या लहान तर त्वरण मोठं... म्हणजे हौश्याला चौपट त्रास! मला भरूनच आलं.

आबा, म्हणजे माझे वडील, लिंबाखाली जेवायला बसले तशी मी दोघांची अदलाबदल केली. हौश्या बाहेर, सोन्या मेढीला. केवढं पुण्य केलं असं वाटत होतं.

दहा-बारा फेऱ्यांत हौश्या धापा टाकायला लागला. मग त्यानं पुढचे गुडघे टेकले, तोंडाला फेस आला... मी नुसता ओरडत उभा राहिलो.

आबा हातातली भाकर टाकून धावत आले. दावं सोडलं, तोंडाचं मुसकं काढलं, पाणी मारलं. आता आपल्याला मार बसणार असं मी धरून चाललो होतो, पण ते खाली बसून हौश्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"काहून हलवलं रं ह्याला?"

मी रडत रडत सगळं गणित सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, याचं मला आजही नवल वाटतं.

"आरं, दावं एकच हाय न्हवं? मंग फेरा चौघायचा बराबरच पडतो. बाहेरच्याला पळावं लागतंय, मेढीपाशी नुसतं वळायचं."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. फेरा एकच, तर बाहेरच्याचा वेग चौपट. चाराचा वर्ग सोळा, त्रिज्याही चौपट म्हणून भागिले चार... चार! माझं उत्तर चौपट हे बरोबरच होतं, फक्त भलत्या बैलाचं.

"मंग त्याला घरीच काहून न्हाई ठेवत?" मी विचारलं.

"ठिवून पाह्यलं. हे तिघं खळ्यावर निघाले की गोठ्यात हंबरून राहतो. वैरणीला तोंड लावत न्हाई."

दिवस कलता कलता हौश्या उठला. आबांनी त्याला पुन्हा मेढीला बांधलं आणि तो आपल्या चालीनं वळत राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून चाललो... किती फेरे, मोजले नाहीत.

"आजोबा, झाल्या का पुड्या?" नातसुनेच्या आवाजानं जाग आली. चारी बाजूंनी माणसं पळत होती आणि मी बरोबर मधोमध होतो.

"तुम्ही आत जाऊन पडा" म्हणाली असती तर मीही हंबरलोच असतो. तिनं खळं कधी पाहिलेलं नाही... पण म्हाताऱ्याला कुठं बांधायचं, ते पोरीला न सांगता कळलं. डोळे पुसले, रुसवा सोडला आणि पुढची पुडी बांधायला घेतली.