साडेदहाचा फोटो

गल्लीत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ती तारीखकाकू. एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून तिनं वेळापत्रकं आखली, दाखले दिले, आणि उशिरा येणाऱ्या मास्तरांना नुसत्या चष्म्यावरून बघून घाम फोडला. ती निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा म्हणे पाच मिनिटं उशिरा वाजली. खरं-खोटं घंटेला ठाऊक.

अशा बाईचं वर्ष चारचौघांसारखं डिसेंबरात कसं संपेल? वर्षाच्या शेवटी नातेवाइकांना पाठवायच्या फोटोकार्डाचा फोटो तिच्याकडे एप्रिलमध्ये निघायचा. ऑगस्टात छपाई, सप्टेंबरात पाकिटांवर पत्ते, नोव्हेंबर सरता सरता सगळी थप्पी टपालात. त्यासाठी एक लांबोडकी वही होती. टपालाला किती दिवस लागतात त्याप्रमाणे तिच्यात रकाने: बारा दिवस, आठ दिवस, चार दिवस, आणि गल्लीतल्यांसाठी ‘हातपोच’. प्रत्येक पत्त्यापुढे नातं लिहिलेलं. एकूण चौसष्ट कार्डं, आणि आजवर एकही उशिरा पोचलेलं नाही.

खरी मौज असायची ती एप्रिलची. कार्ड पोचणार थंडीत, मग फोटोतही थंडी नको का दिसायला? म्हणून ऐन उन्हाळ्यात डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे मरून रंगाचे पाच स्वेटर पेटीतून बाहेर यायचे. काकूनंच विणलेले, खांदा दुखेपर्यंत. ते चढवून काकू, काका, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात भिंगरी असा लवाजमा भर उन्हात फोटोवाल्याकडे निघायचा. समोरची शिलाईवाली मशीन थांबवून मुद्दाम दारात यायची.

“काका, वाटेत बर्फ लागला तर आमच्यासाठीही आणा हो!”

“अगं, मीच शिजून परत येतो. तू मिठाची तयारी ठेव,” काका म्हणायचे.

“चला, दहा वाजून अठरा,” काकू म्हणायची, की मिरवणूक पुढे.

त्या वर्षीचा एप्रिल मात्र काकूला पुढे फार आठवायचा होता. निघायच्या आधी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. स्वेटर हातातच.

“आई, दोन मिनिटं बसता का? जरा बोलायचंय.”

“आत्ता? साडेदहाची वेळ घेतलीये गं. दहा वाजून बारा झाले. आल्यावर बोलू.”

सुनेनं स्वेटर डोक्यावरून ओढला. त्यातून तिचं डोकं बाहेर यायला अंमळ जास्तच वेळ लागला. काकूनं तेही घड्याळातच पाहिलं.

दुकानात काका-काकू पुढे खुर्च्यांवर, भिंगरी काकूच्या मांडीवर. मागे मुलगा आणि कडेला सून. फोटोवाला कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, “साहेब, वहिनींकडे सरका की! मधून रिक्षा जाईल.” सगळे हसले. मुलगा पाव पाऊल सरकला. सुनेनं काकूच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला. घरी आल्यावर स्वेटर उन्हात, मग पेटीत, त्यांच्या घडीत नव्या गोळ्या. ‘आल्यावर बोलू’ हेही त्या पेटीतच राहिलं. सून पुन्हा काही म्हणाली नाही, आणि काकूच्या वहीत ते लिहिलेलं नव्हतं.

ऑगस्टात कार्डं छापून आली. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सून भिंगरीला घेऊन दुसऱ्या गावी गेली. तिथं तिनं नोकरी धरली होती, दोन खोल्या घेतल्या होत्या, शाळाही बघून ठेवली होती. भांडण नाही, आदळआपट नाही. गल्लीचे कान भिंतीला लावून लावून लाल झाले, पण हाती काही लागलं नाही. मग लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कारणं तयार केली. मुलगा “तिला नाही पटलं,” एवढंच म्हणाला, नि ताट घेऊन आपल्या खोलीत गेला. तो गेलं वर्षभर ताट घेऊन खोलीतच जात होता, हे काकूच्या आत्ता लक्षात आलं.

टेबलावर चौसष्ट कोरी पाकिटं. सुनेचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून दरवर्षी पत्ते ती लिहायची, आणि भिंगरी ओल्या स्पंजावर तिकिटं टेकवून चिकटवायची. अर्धी तिकिटं उलटी. काकू रागवायची नि मग हळूच सरळ करायची.

“हीच कार्डं पाठवलीस तर लोक चौकशा करतील,” मुलगा म्हणाला. “तिला काढून टाकायला सांग फोटोतून. हल्ली जमतं सगळं.”

काकू फोटोवाल्याकडे गेली. त्यानं फोटो पडद्यावर घेतला, माउस दोन-चार वेळा फिरवला आणि सून गेली. कडेलाच तर होती. मागचा पडदा सलग झाला. राहिली ती काकूच्या खांद्यावरची चार बोटं.

“हीही पुसतो काकू, पाच मिनिटं. स्वेटरचाच रंग वर ओढायचा.” त्यानं खांदा मोठा केला.

काकूनं चष्मा लावला. बोटं नुसती टेकलेली नव्हती. लोकर आत दबली होती. पोरीनं खांदा घट्ट धरला होता, जत्रेत हरवायची भीती असलेलं लेकरू पदर धरतं तसा. आणि तिच्यापुढे काकू दात दाखवून हसत होती, वेळेत आल्याबद्दल.

“पुसू ना?”

“नको,” काकू म्हणाली. “होती तशी ठेव तिला.”

त्या वर्षी गल्लीत हातपोच कार्ड आलं नाही. डिसेंबर उजाडला तशी शिलाईवाली आलीच. “काकू, कॅलेंडर हरवलं की काय? आमच्या आरशाला खोचायला यंदा काही नाही!” काकू नुसती ‘हूं’ म्हणाली. शिलाईवाली घरी गेली नि दिवसभर मशीन उगाचच जोरात चालवत राहिली.

काकूला एकच कार्ड पाठवायचं होतं. ते शाळेची सुट्टी लागायच्या आत पोचलं, तर कदाचित सून चार दिवस भिंगरीला घेऊन येईल, आणि समोर बसून बोलता येईल. फोन होता की. पण फोनवर सून “भिंगरीला देते” म्हणायची नि बाजूला व्हायची. म्हणून कार्ड. जुनंच, पाचही जणांचं. आठ दिवसांच्या रकान्यातलं गाव, म्हणजे दहा तारखेला पडायला हवं. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

पण मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं काय? एकतीस वर्षं दाखले लिहिलेला हात ‘चि. सौ.’वरच अडला. एक कार्ड खोडलं, दुसरं फाडलं. सहा वाया गेली. काका कानाला लावायचं यंत्र काढून ठेवून शेजारी बसून राहायचे, म्हणजे ऐकू येत नाही असं भासवता येतं. शेवटी एक दिवस म्हणाले, “अगं, तारीख बघ.”

तिनं बावीसला लिहिलं: “त्या दिवशी तू बसा म्हणालीस. मी बसले नाही. काय सांगणार होतीस? आता बसलेय.” आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं. पाकीट आत पडल्याचा आवाज आला तरी ती तिथंच उभी होती.

सुट्टी लागली. काकूनं भिंगरीचा पलंग झटकला, चादर घातली. सुट्टी संपली. चादर तशीच ताठ.

उत्तर जानेवारीच्या मध्यावर आलं. तेही फोटोकार्डच. दोघीच, साध्या सुती कपड्यांत. भिंगरीचा पुढचा दात पडलेला. तिकीट उलटं. मागे ते मोत्यासारखं अक्षर.

“आई, तुमचं कार्ड शाळा सुरू झाल्यावर मिळालं. भिंगरी सुट्टीभर पोस्टमनची वाट बघत होती, आजी कधी उशीर करत नाही म्हणाली. सांगायचं फार मोठं नव्हतं हो. त्याला एकदा समोर बसवून तुम्ही विचारा, एवढंच म्हणणार होते. वर्षभर तो माझ्याशी बोलला नव्हता. तुमचं त्यानं ऐकलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. आता नका विचारू. आता आम्ही बऱ्या आहोत. खांदा दुखतो का अजून? तेल लावत जा.”

काकूनं ते तीनदा वाचलं. मग लांबोडकी वही काढली आणि आठ दिवसांच्या रकान्यात तळाशी सुनेचा नवा पत्ता उतरवला. घरातल्या माणसांना वहीत कधी पत्ता नसतो. पुढे नात्याची जागा होती. पेन तिथं टेकलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला, शब्द काही उतरेना.

एवढ्यात शिलाईवाली दारात. “अगं बाई, जानेवारीतच यादी? काकू, तुम्ही एखाद दिवशी पुढचा जन्मही आधीच उरकून टाकाल! मोठी कात्री द्या, माझी धार गेली. घाईत आहे, गिऱ्हाईक बसलंय.”

काकूनं वही मिटली. कात्री दिली नाही. शेजारची खुर्ची ओढली.

“बस.”

“अहो, उभ्यानंच जाते—”

“बस गं जरा,” काकू म्हणाली. “काही बोलायचंय का तुला? सांग. मला वेळ आहे.”

एरवी जिच्या तोंडाला कधी टाका पडला नाही, ती शिलाईवाली गुपचूप बसली.