उत्तरेच्या डोंगरात, अबू सईदच्या घरी

१९९९ च्या जानेवारीत, ईदच्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी, पहाटे आम्ही शारजा सोडलं. अल नहदातल्या आमच्या इमारतीखाली फ्रान्सिसची जुनी फोर-व्हील उभी होती. टपावर तंबू, दोन चटया आणि पाण्याचे कॅन बांधलेले. फ्रान्सिस मूळचा वसईचा. दुबईच्या एका हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळायचा आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायचा. माझा नवरा प्रकाश त्याचा दोस्त. दोघांनी मिळून ठरवलं होतं की या थंडीत देशाच्या अगदी उत्तर टोकाला जायचं, डोंगरावर एक मुक्काम करायचा. चौथी आमची मुग्धा, पंधरा वर्षांची. ती मागच्या सीटवर कानाला वॉकमन लावून बसली होती.

"मुग्धा, स्वेटर घेतलास ना?"

"आई, इट्स यूएई, नॉट हिमालयाज," ती म्हणाली.

अजमान, उम्म अल क्वैन मागे पडलं. रास अल खैमा शहर ओलांडून रम्सच्या पुढे गेलो आणि उजवीकडे डोंगर एकदम अंगावर आले. इतकी वर्षं मी वाळवंट म्हणजे पिवळी वाळू एवढंच समजत होते. हे डोंगर राखाडी, उघडेबोडके, आणि समुद्रापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर सरळ उभे. मी काच खाली करून बघतच राहिले.

घलीलाच्या वादीत (कोरड्या ओढ्याच्या पात्रात) गाडी ठेवून आम्ही चालायला लागलो. वाट शिहू लोकांची, म्हणजे या डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांची. कड्याच्या पोटाला लागून त्यांनी दगडावर दगड रचून पायऱ्या केल्या आहेत. ना सिमेंट, ना कठडा. काही ठिकाणी फटीत झाडाचं खोड ठोकून त्यावर फरशा टाकलेल्या. एका वळणावर मी कड्याला धरून थांबले. खाली बघितलं तर आमची गाडी काडेपेटीएवढी.

"वहिनी, खाली नको, माझ्या टाचांकडे बघा," फ्रान्सिस म्हणाला. मी त्याच्या टाचा बघत दीड तास चढले. त्या माणसांनी ही वाट धान्याची पोती डोक्यावर घेऊन तुडवली असेल, या विचाराने मला भीतीपेक्षा आदरच जास्त वाटायला लागला.

दुपारी वर पोचलो. वर पठार होतं आणि पठारावर चक्क शेतं! दगडी बांध घालून अडवलेल्या मातीच्या लहान लहान पट्ट्या, त्यात बोटभर उंचीचा हिरवा गहू. बोरीची दोन झाडं. लांबवर समुद्राची निळी रेघ. आम्ही डब्यातले पराठे आणि लोणचं खाल्लं. इतकी चव मला त्या लोणच्यात कधी लागली नव्हती.

आणि मग तंबू लावताना फ्रान्सिसचा पाय बांधाच्या सुट्या दगडावरून सटकला. त्याने आवाजही केला नाही, फक्त खाली बसला. बूट काढेपर्यंत उजवा घोटा टम्म सुजला होता. त्याच वेळी समुद्राकडून काळे ढग चढत आले. वाऱ्याने तंबूची दांडी मोडली आणि बघता बघता गारा पडायला लागल्या. चौघांनी मिळून तंबूचं कापड डोक्यावर धरलं. मोबाइलला रेंज नव्हती. ओल्या पायऱ्यांवरून दुखऱ्या पायाने उतरणं शक्य नव्हतं, आणि उघड्यावर राहणंही.

"मीच तुम्हाला इथे आणलं," फ्रान्सिस पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचे दात वाजत होते.

"स्मोक! आई, तिकडे धूर आहे," मुग्धा ओरडली. ती आणि प्रकाश गारांतच त्या दिशेने निघाले. मी फ्रान्सिसजवळ थांबले. तो अर्धा तास मला फार लांबला.

पुढचं मला मुग्धाने सांगितलं. दगडी घराच्या दारातून एक म्हातारा बाहेर आला. पांढरी दाढी, हातात लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड. प्रकाश जागीच थबकला. त्याचं अरबी 'यल्ला' (चला) आणि 'खलास'च्या (पुरे) पुढे कधी गेलं नव्हतं. मुग्धा मात्र शाळेत पहिलीपासून अरबी शिकत होती, रडतखडत पास होत. तिने पुस्तकातलं आठवून सांगितलं, की आमच्या माणसाचा पाय दुखावला आहे, कृपया मदत करा.

म्हातारा खो खो हसला. "पोरी, तू रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलतेस," म्हणाला, आणि गाढव सोडायला गेला.

त्या गाढवावर बसून फ्रान्सिस त्या म्हाताऱ्याच्या, अबू सईदच्या घरी पोचला. घराच्या भिंती हातभर जाड, दार इतकं बुटकं की वाकून खाली उतरावं लागलं. जमीन बाहेरच्यापेक्षा खोल होती. आत धान्याचे मोठे रांजण, दारापेक्षाही रुंद. आधी रांजण ठेवायचे आणि मग भोवती घर बांधायचं, अशी तिथली रीत. मध्ये निखारे फुलले होते. अबू सईदच्या बायकोने माझे गारठलेले हात आपल्या हातांत घेऊन चोळले. निखाऱ्यावरची भाकरीसारखी जाड रोटी, बकरीच्या दुधाचं तूप, डोंगरातला मध. नंतर वेलचीची कडू कॉफी. कप हलवून परत दिला नाही तर ती भरतच राहायची, हे मला तिसऱ्या कपानंतर कळलं.

अबू सईदने फ्रान्सिसच्या पायाला गरम तूप लावून फडकं घट्ट बांधलं. त्यांची मुलं खाली शहरात नोकरीला होती. ईद त्यांच्याकडे करून दोघं त्याच दिवशी वर परतले होते, बकऱ्यांसाठी आणि गव्हासाठी. "पाऊस येणार हे ठाऊक होतं," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने मला काहीतरी विचारलं. मुग्धा म्हणाली, "आई, शी इज आस्किंग, किती वर्षं झाली तुम्हाला या देशात."

"अकरा."

म्हातारीने बुरख्याआडून माझ्याकडे निरखून बघितलं आणि पुन्हा बोलली. मुग्धा या वेळी मराठीतच म्हणाली, "त्या म्हणतायत, अकरा वर्षं? मग यायला एवढा उशीर का केला?"

अकरा वर्षांत आमच्या ओळखी पुण्याच्या, केरळच्या, लाहोरच्या माणसांशी झाल्या. इथल्या माणसाच्या घराचा उंबरा मी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला होता.

सकाळी दार उघडलं तर बांधांच्या सावलीत गारा अजून पांढऱ्या पडल्या होत्या आणि गहू धुऊन काढल्यासारखा चमकत होता. मुग्धा स्वेटरवर माझी शाल गुंडाळून म्हातारीबरोबर बकऱ्यांमागे फिरत होती. अबू सईदने आम्हाला पायऱ्यांवरून नाही, गाढवाच्या लांबच्या वाटेने उतरवलं. फ्रान्सिस गाढवावर आणि आम्ही मागे. खाली आल्यावर प्रकाश चालत जाऊन गाडी घेऊन आला. पैशांचं नाव काढण्याचीही लाज वाटली. अबू सईदने प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवला, मुग्धाला म्हणाला, "रेडिओ, पुन्हा ये," आणि मागे न बघता गाढवासह वर निघाला.

शारजात शिरताना नेहमीची गर्दी लागली. फ्रान्सिसला दवाखान्यात दाखवलं. हाड मोडलं नव्हतं. घरी आलो तोच नाशिकहून सासूबाईंचा फोन. दोन दिवस घरी कुणी उचलत नव्हतं म्हणून त्या काळजीत होत्या.

"अगं, होतात कुठे? हॉटेलात राहिलात का?"

"नाही आई," मी म्हटलं, "डोंगरात आमच्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे."