अकरा वीसचं रिकामं आभाळ

एपिफानियो आर्मिहोच्या भिंतीवर दोनच गोष्टी होत्या. एक शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोची तसबीर आणि दुसरं निवृत्तीचं प्रशस्तिपत्र: 'एकतीस वर्षांत एकही चुकीची नोंद नाही.' न्यू मेक्सिकोच्या माळावर ताऱ्यांच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या त्या अवाढव्य थाळ्यांना वंगण घालण्यात, त्या चालू-बंद करून नोंदी ठेवण्यात त्याची हयात गेली.

त्या सकाळी कॉलीन नावाची तरुण संशोधक दारात आली. चेहरा उतरलेला. त्याची बायको रोमुआल्दा हिने विचारपूस करण्याआधी तिच्यापुढे घेवड्याची वाटी ठेवली.

"दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते," कॉलीन सांगू लागली. "एक आधीच मेला होता, त्याचा इवलासा जड निखारा उरला होता. तो फिरता फिरता जवळ आला आणि दुसऱ्याच्या पोटात शिरला. आतली भट्टीच मोडली, तोही फुटला. त्याआधी दोघांच्या झटापटीत बाहेर फेकलेल्या वायूवर तो स्फोट आदळला, म्हणून रेडिओलहरींचा झोत उठला. मला सापडलंय ते बहुधा हेच."

"मेल्यावरही पिच्छा सोडत नाही म्हणजे," रोमुआल्दा म्हणाली. "माझी सासू तशीच होती."

कॉलीन हसली, पण पुरतं नाही. "तुमच्या वेळच्या चित्रात ती जागा रिकामी आहे. म्हणजे झोत नंतरचा. पण मिस्टर आर्मिहो, तुमच्या सहीची नोंद म्हणते, ते चित्र घेतलं त्या पंधरा मेला वाऱ्यामुळे थाळ्या बारापर्यंत बंद होत्या. चित्र अकरा वीसचं. माझ्या निबंधाचे परीक्षक म्हणतात, थाळ्याच बंद, तर रिकामंच दिसणार! माझी चार वर्षं पाण्यात."

चोराच्या मनात चांदणं. एपिफानियोची नजर भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे गेली.

वारा पडल्यावर तासभर थांबायचं असा नियम होता. वारा पडला अकराला. पण तो संत इसिद्रोचा दिवस, तिसऱ्या वर्षाचा दुष्काळ, आणि पावसासाठी शेतांतून निघणाऱ्या त्याच्या मूर्तीच्या पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर यायचा होता. नियम करणाऱ्यांना दुष्काळाचं काय सोयरसुतक! त्याने दहाच मिनिटं वाट पाहिली, थाळ्या चालू केल्या, कागदावर 'बारा' लिहिलं आणि गावाकडे गाडी पिटाळली.

त्याने उठून प्रशस्तिपत्र उतरवलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"अकरा दहाला मीच चालू केल्या, पोरी. खोटं लिहिलं मी. कागद आण, सही करतो."

"पण ते मानतील का?"

रोमुआल्दाने आतून त्याच पंधरा मेचा एक फोटो आणला. मिरवणुकीत पुढे एपिफानियो, मागे चर्चचं घड्याळ: पावणेबारा.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"फोटो मीच काढला ना, म्हाताऱ्या! तू कधी बोलतोस याची वाट बघत होते."

कॉलीनने त्याचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार तुझे," तो म्हणाला. "त्या कागदाखाली बसून एक घास गोड लागला नाही मला."

पुढच्या वसंतात तिचा निबंध छापून आला. शेवटी आभारांत लिहिलं होतं: 'एपिफानियो आर्मिहो, ज्यांनी आपली चूक सांगितली.' रोमुआल्दाने ते पान कापून चौकटीत घातलं आणि संताशेजारच्या रिकाम्या खिळ्याला टांगलं. त्याखाली बसून एपिफानियोने दोनदा घेवडा मागून घेतला.