चौथा प्रश्न

डॉ. मंदाताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितील, मोठमोठे डॉक्टर लिहितील. मी त्यातली कुणी नाही. छावणी भागात त्यांच्या दवाखान्यासमोर माझं औषधांचं दुकान आहे आणि आमची ओळख भांडणानं झाली, हे आधीच सांगून टाकते.

महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या होत्या. त्या दिवसांत आमच्याकडं बायकांची रीघ लागायची. ऐन सणात अडचण नको, म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी हवी असायची. मीही चिठ्ठी न मागता कागदात गुंडाळून देत होते. ताई रस्ता ओलांडून आल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर त्यांनी विचारलं, की आत्ता गेलेल्या बाईंच्या घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का, हे मी विचारलं होतं का. मी पहिल्यापासून फटकळ. तुम्ही तुमचा दवाखाना सांभाळा, मी माझं दुकान सांभाळते, असं तोंडावर सुनावलं. ताई रस्ता ओलांडून परत गेल्या. लई मोठा तीर मारल्यासारखं मला वाटलं.

कन्नडला माझं माहेर. तिथं महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं थोरल्या सुनंदावहिनींच्या हातचं. त्यामुळं त्यांना पाळी यायची सोयच नव्हती. गोळ्या मीच पाठवायची. त्या भांडणाच्या पुढच्या वर्षी भाच्याचं लग्न, वास्तुशांत आणि महालक्ष्म्या असं पाठोपाठ आलं आणि वहिनींनी प्रत्येक वेळी गोळ्या घेतल्या. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. वहिनींचा डावा पाय सुजलाय, पोटरीला हात लावू देत नाहीत. उभं राहून झालं असेल, आई तेल चोळतेय, असं तो म्हणाला. ताई तेव्हा दुकानात सलाईनच्या बाटल्या घ्यायला आल्या होत्या. मी सहज त्यांना बोलले.

"चोळणं थांबवायला सांगा," त्या म्हणाल्या, "आणि आत्ताच्या आत्ता गाडीत घालून इकडं आणा."

पायाच्या शिरेत गाठ निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर वहिनी हाताला लागल्या नसत्या. वहिनींच्या आईलाही असाच त्रास होता, म्हणजे या गोळ्यांचा धोका वहिनींना जास्त, हे तेव्हा कळलं. एका प्रश्नाचं काम होतं आणि तो मी विचारला नव्हता. गोळ्या कुणी दिल्या, असं ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी दिल्या, म्हणाले आणि रडायला लागले. त्यांना मला तिथंच सोलून काढता आलं असतं. पण त्यांनी भावासमोर एक शब्द काढला नाही. वेळेत आणलंय, वाचतील, घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच म्हणाल्या. मी घरी सगळं खरं सांगितलं. वहिनी बऱ्या झाल्या, पण आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या भादव्यात, गोळी देण्याआधी काय विचारायचं ते शिकवा म्हणून मीच ताईंकडं गेले. त्यांनी माझ्याकडं एक स्टूल मागितलं. तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या आधीचे पंधरा दिवस, दुपारचे दोन तास, त्या माझ्या दुकानात स्टुलावर बसतात. प्रत्येकीला चार प्रश्न विचारतात. गाठीचा त्रास तुम्हाला किंवा घरात कुणाला होता का? दिवस तर राहिले नाहीत ना? दुसरा काही आजार, औषधं? आणि चौथा, गोळी तुम्हाला स्वतःला हवीय, की कुणी आणायला सांगितलंय? गोळी वाईट नाही, न विचारता घेणं वाईट, असं त्या सांगतात. हार्मोन म्हणजे एका घरातल्या जावा, एकीला जबरदस्तीनं गप्प बसवलं की दुसरी भांडी आदळते, हे ऐकून बाया हसतात आणि लक्षात ठेवतात. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्या पटापट देतात. चौथ्याला मात्र बऱ्याच जणी खाली बघतात.

शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारी एक पोरगी चार-चार महिने पाळी येत नाही म्हणून ताईंकडं आली होती. हनुवटीवर केस, तोंडाला ओढणी. लग्न जमणार नाही म्हणून आई तिच्यासमोरच कपाळ बडवत होती. ताईंनी आईला बाहेर बसवलं आणि त्या पोरीशी तासभर बोलत बसल्या. तपासण्या, औषध झालंच, पण झोपेचं, खाण्याचं, चालण्याचं वेळापत्रक तिच्या ड्युटीप्रमाणं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. ती आता ओढणी गळ्यात घेऊन येते. असल्या बाईंच्या समोर माझं दुकान आहे, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी आई कन्नडहून एसटीनं आली. धाकट्या सुनेसाठी गोळी हवी होती. एवढं होऊनही! मी भडकणार, तोच स्टुलावरच्या ताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे चौथा प्रश्न विचारला. आईनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तिनं नाय मागितली, मीच आणायला आले," आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या, बाई. महालक्ष्म्या बी बायाच हायत की."

त्या वर्षी पुरण धाकट्या वहिनींनीच घातलं, पाळी चालू असताना. पंगतीत पहिलं पान ताईंचं होतं आणि वाढायला आई स्वतः उभी होती.

ताई, भादवा जवळ आलाय. स्टूल पुसून ठेवलंय. तुमचे गुडघे कुरकुरतात, म्हणून यंदा त्यावर गादी शिवून घेतलीय. ती झिजेल, मी दुसरी शिवीन, तीही झिजू द्या. शंभरी गाठा, धडधाकट राहा आणि आम्हाला चौथा प्रश्न विचारत राहा.