टेगटमायरांचा ऑर्गन

मिसुरीतल्या त्या गावात जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी चर्च बांधलं, तेव्हापासून तिथला ऑर्गन वाजवायचं काम टेगटमायरांच्याच घराण्याकडे होतं. तिसऱ्या पिढीच्या ओटिलीनं त्याच्यापायी लग्नही केलं नाही. साठीला मात्र तिनं बहिणीकडे ऑरेगॉनला कायमचं जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिच्या जागी पाळकांची नवी बायको वाजवायला बसली. ओळ संपली की श्वासभर थांबायची इथली जुनी रीत तिला ठाऊक नव्हती. म्हाताऱ्या मागे पडल्या, गीत विस्कटलं.

"हिला कुठं गाडी गाठायचीय?" शेजारची हुल्डा पुटपुटली. "ऊठ गं, ओटिली."

"मी उद्या निघालेय, हुल्डा."

"मग आज तरी ऊठ."

ओटिली उठली. तिनं वाजवायला घेताच सगळे पुन्हा एका सुरात गाऊ लागले. आपलं जाणं राहिलं, हे तिला दुसऱ्या कडव्यातच कळलं. वाजवता वाजवता, त्या गाणाऱ्यांवर मनात आलेल्या रागाबद्दल तिनं देवाची क्षमा मागितली.