मुलीसाठी खोली बघणारा बाप

काही गुन्ह्यांची फाइल बंद होते, पण ते डोक्यातून जात नाहीत. हा त्यातला एक.

कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास आमच्या छत्रपती संभाजीनगरात खोल्या शोधणाऱ्यांची झुंबड उडते. अख्ख्या मराठवाड्यातून पोरं-पोरी येतात, मागे आईबाप. मी तेव्हा विद्यापीठाच्या बाजूच्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. भरदुपारी, पोरं कॉलेजात असताना, त्यांच्या खोल्यांतून लॅपटॉप जायला लागले. ना कुलूप तोडलेलं, ना खिडकी. चोर किल्लीनं उघडायचा आणि पुन्हा कुलूप लावून जायचा. म्हणजे चोर घरातलाच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

अशात एक घरमालक ठाण्यात आले. बँकेतून निवृत्त झालेले. खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, “साहेब, चोर सापडला. माझ्याच वरच्या खोलीत राहतो. शेजारच्या खोलीतला लॅपटॉप त्यानंच नेला.”

“नेताना पाहिलं तुम्ही?”

“पाहायचं काय त्यात? काल त्याचा बाप भेटायला आला तेव्हा कळलं, पारधी आहेत! वर्षभर घरात ठेवलं हो मी त्याला.”

ही आमची खबर! त्या पोराचं सामान त्यांनी आधीच जिन्यात आणून टाकलं होतं.

पोराला बोलावलं. बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला होता. बस म्हटलं तर बसेना.

“उभाच बरा आहे, साहेब. आज्याला नेलं, बापाला नेलं. मला वाटलंच होतं, एक दिवस माझीबी पाळी येणार.”

हे तो रडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो अगदी शांत होता. त्याची अंगझडती, खोलीची झडती, काही मिळालं नाही. माझा जुना हवालदार कानाशी लागला, “साहेब, एक रात्र ठेवू. सकाळी पोपटासारखा बोलंल.”

माझं टाळकंच फिरलं. “आणि पुरावा म्हणून काय लिहू? जात?”

त्या पोराचं नाव एकदा आरोपी म्हणून लागलं असतं, तर शिक्षण, नोकरी सगळं मातीत गेलं असतं. मी स्वतः कॉलेजात गेलो. चोरीच्या वेळी तो प्रयोगशाळेत होता, सरांच्या डोळ्यांसमोर. त्याचा जबाब घेऊन त्याला सोडलं आणि मनाशी म्हटलं, आता खरा चोर धरल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

पुन्हा त्याच घरी गेलो. मालकीणबाईंना विचारलं, खोली बघायला कोण कोण आलं होतं?

“लई जण येतात, साहेब. बसायच्या आधी विचारतात, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, टाकी केवढी, टँकर घ्यावा लागतो का. जीव नकोसा करतात. एक गृहस्थ तेवढे चांगले होते. मुलीसाठी खोली बघायला आले होते. पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. चहा घेतला, पोरीच्या काळजीनं बोलत बसले.”

मी चमकलो. या शहरात मुलीसाठी खोली बघणारा बाप, आणि पाण्याचं विचारत नाही?

“मग विचारलं काय त्यांनी?”

“म्हणाले, मुलगी किल्ली हरवते, इथली पोरं किल्ली कुठं ठेवतात? मी दाखवलं की, चौकटीवर...” आणि बाई बोलणं अर्धवट टाकून चौकट चाचपायला धावल्या.

चोरी झालेल्या बाकीच्या घरांतही तेच गृहस्थ चहा पिऊन गेले होते. पांढरा सदरा, हातात पिशवी. बापावर कोण संशय घेणार?

दोन गल्ल्या सोडून एका घरावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावली. आमच्या महिला शिपाई मालकीण होऊन बसल्या. गृहस्थ आले. किल्लीची चौकशी झाली, पाण्याची नाही. जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकटीवरून किल्ली काढून आत शिरले, तेव्हा आम्ही आतच होतो. घरझडतीत लॅपटॉपची रास निघाली. त्यांना मुलगी नव्हतीच.

घरमालक पुन्हा आले, ओशाळलेले. “पाठवा त्याला परत. आता शंका राहिली नाही.”

मी निरोप दिला. पोरगा म्हणाला, “साहेब, चोर सापडला म्हणून बोलावतायत. सापडला नसता तर?”

तो मित्राच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकून राहिला. मलाच चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत, स्कूटरवर त्याला घेऊन खोल्या बघत हिंडायला लागलो. दार हसून उघडायचं. मग आडनाव, गाव, “म्हणजे कोणातले तुम्ही?” पोरगा खरं सांगायचा. खोली कालच गेलेली असायची. एका दारात मी संतापून ओळखपत्र काढलं, तर त्यानं माझा हात धरला. “धाकानं मिळालेली खोली नको, साहेब.”

शेवटी छावणी भागात खोली भाड्यानं देणाऱ्या एक म्हाताऱ्या मुसलमान बाई भेटल्या, अख्ख्या गल्लीच्या खालाजान, म्हणजे मावशी. त्यांनी विचारायच्या आधीच पोरानं सगळं सांगून टाकलं. त्या वैतागल्या. “वो सब जाने दे. सिगरेट पीता क्या? मेरे कू धुआँ नक्को.”

“नाही पीत.”

“तो सामान लेके आ.”

तो पोरगा खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला, किती तरी वेळ. मी दुसरीकडं बघितलं.

पोलिसाला कायदा चोर धरायला शिकवतो, आणि तो मी आठवड्यात धरला. ज्यानं काहीच केलं नव्हतं, त्याला डोक्यावर छप्पर मिळेपर्यंत मात्र दिवाळी आली.